मूल, मातृभाषा आणि मोजमाप : पाथरी परिसराच्या संदर्भात बालवाग्दोष-निदानाचा इतिहास

१

गोदावरीच्या उत्तरेस आणि परभणीच्या पश्चिमेस वसलेले पाथरी हे आज परभणी जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण आहे. परंतु दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासात त्याचे महत्त्व ह्याहून मोठे होते. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या एका कुलकर्णी कुटुंबात होते, असे फरिश्ता सांगतो. आणि पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाने १५१८ मध्ये इमादशहाकडून पाथरी जिंकून घेतली, त्यामागे पूर्वजांच्या ह्या गावाची ओढ होती, असे इतिहासकार मानतात. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे पाथरी हे मुख्य ठिकाण झाले. अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख आसफजाही अमलाखाली राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला.

ह्या दीर्घ इतिहासाचा एक परिणाम असा, की पाथरीत आणि तिच्या आसपासच्या खेड्यापाड्यांत अनेक भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. शेतकरी व बलुतेदार समाजाची मराठवाडी मराठी, गावातील मोठ्या मुस्लिम वस्तीची दखनी, तांड्यांवरील बंजारा समाजाची गोरमाटी आणि वडार, कैकाडी, पारधी इत्यादी भटक्या-विमुक्त समाजांच्या घरगुती बोली ह्या सर्वांचा त्यांत अंतर्भाव होतो. मोठ्या माणसांच्या व्यवहारात ह्या बहुभाषिकतेचा अडसर होत नाही. आठवडी बाजारात प्रत्येक जण दुसऱ्याच्या भाषेतील चार शब्द वापरून काम भागवितो. परंतु अशा गावात जन्मलेले एखादे मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नसेल, तर ते न बोलणे कोणाच्या लक्षात येते, केव्हा येते आणि कोणत्या भाषेच्या मापाने मोजले जाते, हा प्रश्न निराळा आहे. त्या प्रश्नाचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विषयाची चर्चा पाश्चात्त्य देशांत बहुधा वंशभेदाच्या परिभाषेत होते. पाथरीच्या संदर्भात वंश हा शब्द नेमका लागू पडत नाही. येथे जात, जमात, धर्म, प्रदेश आणि मातृभाषा ह्यांच्या गुंफणीतून तोच परिणाम घडून येतो. ही विषमता कोणी दारातून हाकलून दिल्यामुळे उत्पन्न होते असे नाही. मोजण्याची साधने दुसरीकडे, दुसऱ्या मुलांसाठी तयार झाली आणि ती ह्या मुलांना जशीच्या तशी लावली गेली, ह्यातून ती उत्पन्न होते.

२

प्रथम काळाचे महत्त्व ध्यानात घेणे आवश्यक आहे. एरिक लेनेबर्ग ह्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषेच्या जैविक अधिष्ठानाविषयीच्या ग्रंथात भाषा-संपादनास बाल्यावस्थेत एक अनुकूल कालखंड असतो, असा सिद्धान्त मांडला. त्या कालखंडाच्या मर्यादा नेमक्या कोठे पडतात, ह्याविषयी नंतर पुष्कळ वाद झाला. परंतु विलंबाने होणारी हानी पुढे भरून काढणे कठीण असते, ह्याविषयी फारसे दुमत राहिले नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात श्रवणदोष असलेल्या बालकांचा जो अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्या बालकांपेक्षा स्पष्टपणे सरस असल्याचे आढळले. ह्याच सुमारास पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, हा क्रम तज्ज्ञांत प्रमाण मानला जाऊ लागला.

म्हणजे ह्या क्षेत्रात 'उशिरा मिळालेली सेवा' आणि 'न मिळालेली सेवा' ह्यांतील अंतर फार थोडे आहे. जे मूल शाळेत दाखल होताना प्रथम तपासले जाते, त्याच्या बाबतीत सर्वांत मोलाची पाच-सहा वर्षे निघून गेलेली असतात. इतर अनेक सोयींच्या बाबतीत मागे पडलेला प्रदेश कालांतराने पुढच्या प्रदेशाला गाठू शकतो. धरण वीस वर्षे उशिरा झाले तरी पाणी शेतात येतेच. एका विशिष्ट मुलाच्या बोलण्याच्या बाबतीत मात्र असा अनुशेष भरून काढता येत नाही.

३

आपल्या परंपरेत वाग्दोषांची जाण प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूक, मिन्मिन आणि गद्गद असे तीन प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. अजिबात न बोलणारा, नाकात बोलणारा आणि अडखळत किंवा अस्पष्ट बोलणारा, हा भेद प्राचीन वैद्यांनी केला होता. लोकव्यवहारातही ह्या विषयाची स्वतःची परिभाषा आहे. 'जीभ जड आहे', 'बोबडे बोलते', 'ह्याचा बापही उशिरा बोलला' ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. मूल स्पष्ट बोलावे म्हणून बाळगुटीतून वेखंड उगाळून देण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. नवस बोलण्यात तर धर्माचा भेदही राहत नाही. मराठवाड्यातील दर्ग्यांवर आणि देवस्थानांवर अशा मुलांना घेऊन दोन्ही समाजांच्या माता जातात.

वैद्यकाने केलेला सूक्ष्म भेद धर्मशास्त्राने मात्र राखला नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, जड आणि मूक ह्यांना दायभागातून वगळले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात हा निर्बंध १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता-निवारण) कायद्याने बहुतांशी दूर झाला. पाथरी तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाचा हा कायदा आपोआप तेथे लागू होण्यासारखा नव्हता. एकाच मराठी समाजाच्या दोन भागांवर दोन भिन्न विधिव्यवस्था होत्या, ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा प्रत्ययास येईल.

शिरगणतीचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत वेडे, अंध, कुष्ठरोगी आणि मूकबधिर ह्यांची स्वतंत्र गणना होत असे. १९४१ पासून ही गणना बंद पडली; १९८१ मध्ये ती मर्यादित स्वरूपात झाली, १९९१ मध्ये पुन्हा वगळली गेली आणि २००१ पासून नव्या स्वरूपात सुरू झाली. 'मूकबधिर' हा जोडशब्द येथे लक्षणीय आहे. कान आणि जीभ ह्यांचे दोष एकाच शब्दात गोवले गेल्यामुळे ज्या मुलाचे कान चांगले आहेत, परंतु भाषा वयानुसार विकसित होत नाही, त्याला गणनेच्या कोणत्याच रकान्यात जागा नव्हती. ते मूल 'मंद' ठरे किंवा 'हट्टी' ठरे. आणि कित्येकदा काहीच ठरत नसे.

४

भाषांच्या मोजणीचा इतिहास ह्याला समांतर आहे. जॉर्ज ग्रियर्सन ह्यांच्या संपादनाखाली १९०३ ते १९२८ ह्या काळात भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे खंड प्रसिद्ध झाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा आहे. मराठीच्या बोलींविषयी आजही बहुतेक लेखनाचा आरंभ ह्या खंडापासून होतो. परंतु ह्या सर्वेक्षणाच्या कार्यक्षेत्रात मद्रास इलाखा, म्हैसूर संस्थान आणि हैदराबाद संस्थान ह्यांचा समावेश नव्हता, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. पुणे, सातारा, रत्नागिरी, नागपूर येथील मराठीचे नमुने पद्धतशीरपणे गोळा होत असताना औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे नकाशाबाहेर राहिले. हैदराबाद संस्थानातील जातिजमातींवर सय्यद सिराजुल हसन ह्यांचा ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा रोख मुख्यत्वे समाजांच्या उत्पत्तिकथा, विवाहविधी आणि आचार ह्यांवर होता. घरातील लहान मूल कोणत्या वयात काय बोलते, ही जिज्ञासा त्या काळच्या मानववंशशास्त्रास फारशी नव्हती.

संस्थानाच्या शिक्षणव्यवस्थेनेही ह्यात भर घातली नाही. राज्यकारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार्सीऐवजी उर्दू झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे. परंतु त्या उर्दूचा आदर्श उत्तरेकडील होता. पाथरीच्या मुस्लिम घरांतील दखनी ही तिच्या दृष्टीने ग्राम्यच होती. अशा रीतीने मराठवाडी मराठी पुणेरी प्रमाणभाषेच्या, दखनी प्रमाण उर्दूच्या आणि गोरमाटी ह्या दोहोंच्या छायेत राहिली. संविधानाच्या सातव्या दुरुस्तीने १९५६ मध्ये, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, अनुच्छेद ३५० क समाविष्ट झाला आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचे कर्तव्य राज्यांवर सोपविले गेले. हे कर्तव्य शाळेपासून सुरू होते. त्याआधीच्या वयाचा विचार त्यात नाही. शिवाय ज्या भाषेला लिपी व पाठ्यपुस्तक नाही, तिच्या वाट्यास त्यातून फारसे काही आले नाही.

५

उपचाराच्या संस्था कोठे उभ्या राहिल्या, हे आता पाहू. भारतातील मूकबधिरांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईस रोमन कॅथलिक मिशनच्या प्रयत्नाने निघाली. १८९३ मध्ये कलकत्त्याची शाळा निघाली. वाचोपचार आणि श्रवणशास्त्र ह्यांच्या उच्च शिक्षणाचा आरंभ १९६५-६६ च्या सुमारास झाला. १९६५ मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली आणि १९६६ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ह्या विषयाचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग ह्यांच्या नावाने राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्था स्थापन झाली. अली यावर जंग हे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाचे ते कुलगुरू होते आणि १९७१ ते १९७६ ह्या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. हैदराबाद संस्थानात वाढलेल्या ह्या पुरुषाच्या नावाची संस्था मुंबईच्या वांद्र्यात आहे आणि त्याच संस्थानाचा भाग असलेल्या पाथरीपासून ती चारशे किलोमीटरांहून दूर आहे, हा योगायोग सूचक आहे.

मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षण आले, परंतु टप्प्याटप्प्याने. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये, अंबाजोगाईचे १९७४ मध्ये आणि परभणीचे तर २०२३ मध्ये सुरू झाले. कान-नाक-घसा विभाग असलेले रुग्णालय म्हणजे वाचोपचाराची सोय नव्हे, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. श्रवणाची तपासणी एका दिवसात होते. वाचोपचार आठवड्यामागून आठवडे, महिन्यांमागून महिने चालतो. पाथरीहून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि पाथरी स्वतः रेल्वेमार्गावर नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या मातेला आठवड्यातून दोन दिवस मुलास घेऊन परभणीस जावयाचे, तर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वेगळा होतो. जमीनदार, व्यापारी किंवा नोकरदार कुटुंब हा भार सोसू शकते. उपचाराचे शुल्क नाममात्र असले, तरी त्याची खरी किंमत प्रत्येक कुटुंबास वेगवेगळी पडते. आणि मराठवाड्यात कोणत्या घरी जमीन आहे व कोणत्या घरी नाही, हे आजही बऱ्याच अंशी जातीवर अवलंबून आहे.

अपंगविषयक योजनेखाली २०१४ पासून कर्णशंकू-प्रत्यारोपणासाठीही साहाय्य मिळू लागले. एका संचासाठी सहा लाख रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली आणि जन्मतः बधिर असलेल्या बालकांसाठी पाच वर्षांची वयोमर्यादा ठेवण्यात आली. ही तरतूद निःसंशय मोठी आहे. परंतु ही वयोमर्यादा ज्या मुलाचे निदान लवकर होते, त्याच्याच उपयोगी पडते. आणि शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ वाचोपचार मिळाला नाही, तर कानात पोचलेल्या ध्वनीची भाषा होत नाही.

६

२०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट असून तपासावयाच्या दोषांच्या यादीत श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब आणि स्वमग्नता ह्यांचा समावेश आहे. फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यक, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. आणि संशयित मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही रचना आहे. केंद्राच्या आराखड्यात श्रवण व वाचोपचारतज्ज्ञाचे पद आहे. रुग्णाने संस्थेकडे जावयाचे ही जुनी रीत उलटून पथकाने मुलाकडे जावयाचे, हा ह्या कार्यक्रमातील मूलभूत बदल होय आणि त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

तरीही पथक मुलापर्यंत पोचल्याने विषमतेचा प्रश्न संपतो काय? ह्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उपयोगी पडतो. तेथे १९८६ च्या कायद्याने तीन वर्षांखालील मुलांसाठी अशी व्यवस्था निर्माण झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पात्र असलेल्या दोन वर्षांच्या मुलांपैकी कृष्णवर्णीय मुलांना सेवा मिळण्याचे प्रमाण श्वेतवर्णीय मुलांच्या तुलनेत सुमारे पाचपटींनी कमी आढळले. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या मुलांना एखादा निश्चित वैद्यकीय आजार होता, त्यांच्यापेक्षा ज्यांच्या बाबतीत केवळ विकासातील विलंब ओळखावयाचा होता, त्या मुलांत ही तफावत अधिक ठळक होती. म्हणजे जेथे यंत्र किंवा रक्ततपासणी निर्णय देते तेथे भेद कमी राहतो. जेथे माणसाच्या कानाने मुलाच्या बोलण्याचा निवाडा करावयाचा असतो, तेथे तो वाढतो.

ह्या निवाड्यात दोन प्रकारच्या चुका संभवतात आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. पहिली चूक म्हणजे निरोगी मुलाच्या बोलीला दोष समजणे. विल्यम लबॉव्ह ह्यांनी १९६९ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीविषयी दाखवून दिले, की जी भाषा शिक्षकांना तुटपुंजी व अशुद्ध वाटत होती, ती नियमबद्ध होती. तिचे नियम मात्र निराळे होते. १९८३ मध्ये अमेरिकेतील वाचोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली हा वाग्दोष नव्हे, असे अधिकृतपणे जाहीर केले. दुसरी चूक ह्याच्या उलट आहे : खऱ्या दोषाकडे 'त्यांची भाषाच तशी' म्हणून दुर्लक्ष करणे. पहिल्या चुकीने निरोगी मुलास कमीपणाचा शिक्का बसतो. दुसऱ्या चुकीने दोष असलेले मूल उपचारास मुकते. आणि ह्या दोन्ही चुकांचा भार त्याच समाजांवर पडतो.

७

पाथरीच्या भाषांच्या साहाय्याने हे अधिक स्पष्ट करता येईल. मराठवाड्याच्या ग्रामीण मराठीत 'ण' च्या जागी 'न' येतो. 'पाणी' ऐवजी 'पानी' आणि 'कोण' ऐवजी 'कोन' हे तेथील प्रौढांचे नित्याचे उच्चार आहेत. प्रमाण मराठीतील 'करत आहे' ह्याच्या जागी 'करायलाय' असे रूप ह्या विभागात सर्रास आढळते. प्रमाणभाषेवर बेतलेल्या उच्चारचाचणीत तीन वर्षांच्या मुलाने 'पानी' म्हटले, तर परीक्षकास तेथे वर्णदोष दिसू शकतो. वस्तुतः ते मूल आपल्या आईची भाषा अचूक शिकले आहे.

दखनीचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. तिच्यात प्रमाण उर्दूतील 'क़' ह्या ध्वनीचा उच्चार 'ख़' होतो. त्यामुळे कबरीचा आणि बातमीचा शब्द कित्येकदा सारखाच ऐकू येतो. उर्दू-हिंदीतील 'मैंने खाया' ह्या रचनेतील 'ने' दखनीत बहुधा येत नाही. 'मैं खाया' हेच तिचे शुद्ध रूप. 'बातां', 'लोगां' अशी आकारान्त अनुनासिक अनेकवचने, मराठीतून आलेले निषेधार्थी 'नक्को' आणि जोर देणारा 'च', ही तिची इतर वैशिष्ट्ये होत. ज्याने प्रमाण हिंदी किंवा उर्दूची चाचणी हाती घेतली आहे, त्याला अशा मुलाच्या प्रत्येक वाक्यात एक तरी 'चूक' सापडेल. उलट एखादे दखनी मूल खरोखरच विभक्तिप्रत्यय गाळत असेल, तर त्याच परीक्षकाला ते दखनीचेच वैशिष्ट्य वाटण्याचा संभव आहे.

गोरमाटी ही राजस्थानी गटाची भाषा. तिच्यात 'छोरो', 'छोरी' अशी नामे आणि 'छ' हे साहाय्यक क्रियापद आहे. तांड्यावरील मूल तीन वर्षांपर्यंत मुख्यत्वे ही भाषा ऐकते आणि अंगणवाडीत प्रथमच मराठीच्या सान्निध्यात दीर्घकाळ येते. नवी भाषा कानावर पडू लागल्यावर काही आठवडे किंवा महिने मूल गप्प राहणे स्वाभाविक आहे. हे मौन आणि वाग्दोषाचे मौन बाहेरून सारखेच दिसते. त्यांतील भेद ओळखण्याची एकच विश्वसनीय कसोटी आहे : खरा भाषादोष मुलाच्या मातृभाषेतही दिसतो. जे मूल मराठीत गप्प आहे परंतु आजीशी गोरमाटीतून वाद घालते, त्याला दोष नाही. जे दोन्हीकडे गप्प आहे, त्याला तातडीने उपचार हवा. ही कसोटी लावावयाची, तर गोरमाटी जाणणारा कोणी तरी तपासणीच्या वेळी जवळ असला पाहिजे.

येथे एका प्रचलित सल्ल्याचाही विचार करणे प्राप्त आहे. मूल उशिरा बोलू लागले की घरची भाषा सोडून एकच भाषा, म्हणजे शाळेची भाषा, बोलावी, असे पालकांना अनेकदा सांगितले जाते. द्विभाषिकत्वामुळे वाग्दोष उत्पन्न होतो ह्यास शास्त्रीय आधार नाही. ज्या मातेला मराठी मोडकीतोडकीच येते, तिने हा सल्ला पाळला तर तिचे मुलाशी बोलणेच कमी होते. गाणी, गोष्टी, रागावणे, लाड करणे सर्वच आटते. उपचार म्हणून दिलेल्या सल्ल्याने मुलाचा भाषेचा मुख्य झराच आटतो, ह्याहून विपरीत परिणाम कोणता?

८

ही विषमता आकड्यांत का दिसत नाही, ह्याचे उत्तर गणनेच्या पद्धतीत आहे. २०११ च्या जनगणनेने भारतातील २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद केली. त्यांत सुमारे ५१ लाख श्रवणदोषाच्या आणि सुमारे २० लाख वाचादोषाच्या होत्या. ही माहिती अनुसूचित जाती आणि जमाती ह्यांच्यासाठी स्वतंत्रपणेही प्रसिद्ध झाली. परंतु विमुक्त आणि भटक्या जातींची वेगळी गणना जनगणनेत होत नाही. ह्यातून एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे. निजामाच्या एकाच राज्यातील बंजारा समाज १९५६ नंतर तीन राज्यांत विभागला गेला. तेलंगणाच्या भागात तो १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातींत आला, कर्नाटकात तो अनुसूचित जातींत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे आदिलाबादकडील तांड्यातील न बोलणारे मूल आदिवासींच्या तक्त्यात मोजले जाते. पाथरीकडील तांड्यातील तसेच मूल सर्वसाधारण संख्येत विरून जाते. मातृभाषेच्या तक्त्यांतही हेच घडते : लमाणी-बंजारी ही हिंदीच्या शीर्षकाखाली आणि दखनी उर्दूच्या नावाखाली जमा होते. ज्यांचे नाव तक्त्यात नाही, त्यांच्या वाट्यास काय आले नाही हे कोणी कसे दाखवावे?

दुसरा भाग वेळापत्रकाचा आहे. परभणी जिल्ह्यातून, विशेषतः तांड्यांतून आणि भूमिहीनांच्या वस्त्यांतून, दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे जोडपे 'कोयता' म्हणून मोजले जाते आणि दसरा-दिवाळीपासून होळी-पाडव्यापर्यंत ते कारखान्याच्या परिसरात असते. लहान मुले त्यांच्याबरोबरच जातात. गावच्या अंगणवाडीत होणाऱ्या दोन तपासण्यांपैकी एक ह्या काळात आली, तर ही मुले तिला मुकतात. आणि ज्या फडावर ती असतात, तेथील अंगणवाडीच्या पटावर त्यांचे नाव नसते. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सहा महिन्यांची अनुपस्थिती म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा होय.

तिसरा भाग कायद्याचा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत श्रवणदोष होता. वाचा व भाषा ह्यांचा दोष स्वतंत्रपणे नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली आणि वाचा-भाषा अपंगत्वास स्वतंत्र स्थान दिले. परंतु त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे किंवा मेंदूच्या आघाताने वाचा जाणे ह्यांसारख्या इंद्रियगत व चेतासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायम अपंगत्वाची आहे. ती प्रौढ रुग्णास नेमकी लागू पडते. ज्या मुलाची भाषा कोणत्याही दृश्य कारणावाचून मागे राहिली आहे आणि वेळीच उपचार झाल्यास जिच्यात सुधारणा होऊ शकते, ते मूल ह्या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेरच राहते.

९

ह्या विवेचनावरून एक सलग सूत्र हाती लागते. सर्वेक्षणाच्या नकाशाने हैदराबाद संस्थान वगळले. प्रमाणभाषेच्या कल्पनेने बोली वगळल्या. जनगणनेने विमुक्त जाती वगळल्या. तपासणीच्या वेळापत्रकाने ऊसतोड मजुरांची मुले वगळली. कायद्याच्या व्याख्येने बालवय वगळले. ह्यांतील कोणताही निर्णय पाथरीच्या एखाद्या मुलाविरुद्ध घेतला गेला नव्हता. तरीही हे सर्व निर्णय एकाच मुलावर येऊन कोसळतात, आणि ते मूल बहुधा एखाद्या तांड्यावरचे, मोहल्ल्यातले किंवा गावकुसाबाहेरच्या वस्तीतले असते.

ह्यावरील उपायांपैकी वैद्यक, प्रवास व पैसा ह्यांचे उपाय शासनाच्या हाती आहेत. एक उपाय मात्र विद्यापीठांच्या भाषाविभागांच्या हाती आहे आणि तो आजवर बराचसा राहून गेला आहे. मराठवाडी मराठी, दखनी आणि गोरमाटी बोलणारी निरोगी मुले दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्षी कोणते ध्वनी, कोणते प्रत्यय आणि किती लांबीची वाक्ये वापरतात, ह्याचे पद्धतशीर वर्णन झाले पाहिजे. ते झाल्यावाचून निरोगी कोण आणि सदोष कोण, हे कोणत्याही परीक्षकाला न्यायाने सांगता येणार नाही. ह्या कामासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. त्या त्या समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन, अंगणवाडी सेविकांच्या मदतीने, एका तालुक्यापासून त्याचा आरंभ होऊ शकतो. तपासणी-पथकाबरोबर त्या भाषेचा जाणकार असावा आणि ऊसतोडीस जाणाऱ्या मुलाची नोंद त्याच्याबरोबर कारखान्याच्या ठिकाणी जावी, ह्या दोन गोष्टीही फार खर्चाच्या नाहीत.

गोदावरीच्या खोऱ्याला ह्या विचाराची परंपरा नवी नाही. महानुभाव पंथातील विद्वान शिष्याने संस्कृतात ग्रंथरचना करण्याचे मनात आणले, तेव्हा त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील, असे सांगून नागदेवाचार्यांनी त्यास परावृत्त केले, अशी आठवण स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. ज्ञान कोणत्या भाषेत असावे हे, ते ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडे पाहून ठरवावे, हा त्याचा आशय होय. सात शतकांपूर्वी म्हाताऱ्यांच्या बाबतीत जे ओळखले गेले, ते आज अडीच वर्षांच्या मुलांच्या बाबतीत अमलात आणावयाचे आहे. फरक इतकाच, की म्हाताऱ्या आपले गाऱ्हाणे स्वतः सांगू शकत होत्या.